वेष्टनाची परतीची वाट



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, ही आजवरची रीत. आमचे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि कारखान्यांच्या दरवाजांवरील सभांत चालू राहिले. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कारखान्यांत कामगारांची संघटना बांधण्यात आमची तीसएक वर्षे गेली. साबण, बिस्किटे, औषधे, पावडरी तयार होताना आम्ही पाहिल्या. पण त्याहून अधिक वेळ त्या पुड्यांत, बाटल्यांत आणि खोक्यांत भरल्या जाताना पाहिल्या. तेव्हा चालकांनी विषय विचारताच आम्ही म्हणालो, मालावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही मालाच्या वेष्टनावर बोलतो.

विषय क्षुल्लक वाटेल. पण आज सकाळपासून आपल्या घरी काय काय फाडले गेले ते आठवून पाहा. दुधाची पिशवी, चहाचे पाकीट, बिस्किटांचा पुडा, मुलांचे वेफर, शांपूची पुडी. दुपारच्या आत हे सारे केराच्या डब्यात गेले. ते पुढे कोठे जाते, कोण उचलते आणि उचलण्याचे पैसे कोण देतो, एवढाच आज आपणांपुढचा प्रश्न आहे. आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना आपणांस ते पारखून घेता येईल. ज्या वेष्टनाची परतीची वाट ते बनविण्याआधीच आखलेली असते, तेच वेष्टन चांगले. ती वाट माणसांच्या श्रमांनी चालते. म्हणून त्या श्रमांची मजुरी वेष्टनाच्या किमतीतच धरली गेली पाहिजे.

प्रथम वेष्टनाची बाजू मांडू, कारण गैरहजर आरोपीला शिक्षा ठोठावणे न्यायाचे नव्हे. मुंबईच्या पावसाळ्यात उघडे बिस्किट तासाभरात सादळते. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९ सालचा. २०१६ मध्ये तो बंद पडेपर्यंत पार्ल्याच्या स्टेशनावर उतरणाऱ्याला भाजक्या बिस्किटांचा वास येई. त्या बिस्किटांभोवती पूर्वी मेणकागद असे, पुढे प्लॅस्टिकची पातळ फिल्म आली. फिल्मने ओल अधिक चांगली अडविली, पुडा खेड्यापाड्यांत महिनोन् महिने टिकू लागला. अन्न नासणे हाही अपव्ययच आहे. धान्य पिकविणाऱ्याचे, दळणाऱ्याचे, भाजणाऱ्याचे श्रम त्यात वाया जातात. वेष्टन हे एक शास्त्र आहे, आणि त्याचा अभ्यास करणारी भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ साली स्थापन झाली, ती येथेच अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. म्हणून ‘वेष्टन नकोच’ असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. वेष्टन दुकानापर्यंत आणि घरापर्यंत नेण्याची व्यवस्था करणारे शंभर हात आहेत. तेथून परत नेण्याची व्यवस्था करणारा एकही नाही. पूर्वी असे नव्हते. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आरेची बाटली आठवत असेल. गोरेगावच्या आरे वसाहतीचे उद्‌घाटन १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि नंतर कित्येक वर्षे मुंबईच्या घराघरांत काचेच्या बाटलीतून दूध आले. सकाळी रिकामी बाटली धुऊन केंद्रावर द्यायची, तेव्हा भरलेली मिळायची. रिकामी नसेल तर अडचण! बाटली जाळीच्या क्रेटमधून डेअरीत जाई, तेथे ती धुतली जाई, आणि दुसऱ्या दिवशी कोणा दुसऱ्याच्या घरी. थंड पेयांचेही तसेच. गोल्ड स्पॉट दुकानासमोर उभे राहून प्यावे आणि बाटली दुकानदाराच्या हाती द्यावी. घरी न्यावयाची तर अनामत ठेवावी. तिसरे उदाहरण आजही चालू आहे, ते डबेवाल्यांचे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्या कामात बोरिवलीच्या स्वयंपाकघरातून निघालेला डबा दुपारी फोर्टातल्या कचेरीत पोचतो आणि संध्याकाळच्या आत त्याच स्वयंपाकघरात परत येतो. जेवणाचे याहून पक्के वेष्टन आम्ही पाहिलेले नाही.

या तिन्हींत समान काय आहे, याचा विचार करावा. एक, वस्तू इतकी टिकाऊ की परत वापरता येईल. दोन, ती परत देण्यात गिऱ्हाइकाचा काही लाभ, किंवा न देण्यात काही तोटा. तीन, अंतर बेताचे. कुर्ला आणि वरळी येथील डेअऱ्या शहरातच होत्या. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: परत नेणारा माणूस कामावर ठेवलेला होता व त्याला त्याचे वेतन मिळत होते. परतीची वाट ही धर्मादाय गोष्ट नव्हती. ती धंद्याचाच भाग होती.

मग ही वाट का मोडली? काचेची बाटली फुटते, जड असते, धुण्यास गरम पाणी लागते; दूरवर न्यावयाची झाली तर दुधापेक्षा काच वाहण्यातच इंधन जाते. ही कारणे खरी आहेत. पण त्यांच्या मागे आणखी एक कारण होते, ते हिशेबाचे. बाटली परत आणण्याचा खर्च कंपनीच्या वहीत लिहिला जात होता. पिशवी फेकली की तो खर्च वहीतून नाहीसा झाला. तो नगरपालिकेच्या वहीत आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या पाठीवर गेला. बिसलेरीचे पाणी साठीच्या दशकात मुंबईत आले ते काचेच्या बाटलीतून. १९६९ मध्ये पार्ले कंपनीने तो धंदा घेतला आणि पुढे बाटली प्लॅस्टिकची झाली. आज त्याच धंद्यात पाण्याचा वीस लिटरचा जार अनामतीवर जातो आणि परत येतो, लहान बाटली मात्र रस्त्यावर पडते. जारची किंमत कंपनीला जाणवते, बाटलीची जाणवत नाही. एवढाच दोहोंतला फरक.

शांपूच्या पुडीची कथा थोडी निराळी आहे, आणि ती सांगताना आम्ही सावध राहतो. सत्तरच्या दशकात तामिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी श्रीमंतांच्या बाटलीतली वस्तू चिमूटभर पुडीतून गरिबाला मिळवून दिली. ज्याला मजुरी रोजची मिळते तो शांपूही रोजचाच घेणार. बाटलीचे पैसे एकदम कोठून आणणार? पुष्कळदा तर पुडीतला शांपू बाटलीतल्यापेक्षा थेंबामागे स्वस्तही पडतो. तेव्हा पुडी घेणाऱ्या बाईला पर्यावरणाचा उपदेश करणाऱ्यांचा आम्हांला राग येतो. दोष पुडी लहान असण्यात नाही. दोष तिच्या घडणीत आहे.

ही घडण समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही, गल्लीच्या तोंडावरील भंगारवाल्याकडे जावे. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून, जमवून नेली तर तो तोलून पैसे देतो. वेफरचे पाकीट नेले तर तो हात लावीत नाही. का? दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची आहे. ती वितळवून पुन्हा दाणा करता येतो. वेफरच्या पाकिटात आणि शांपूच्या पुडीत निरनिराळ्या जातींचे पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात, पुष्कळदा मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामाही असतो. एक थर ओल अडवितो, दुसरा हवा, तिसऱ्यावर छपाई, चौथ्याने सील. काम उत्तम होते. पण हे थर पुन्हा वेगळे करणे कोणाला परवडत नाही. साकीनाक्याच्या गाळ्यांत काम करणारी मुले प्लॅस्टिकची जात कशी ओळखतात ते पाहावे. तुकडा मोडून आवाज ऐकतात, जाळून वास घेतात, पाण्यात टाकून पाहतात. पेयाच्या बाटलीचे प्लॅस्टिक बुडते आणि तिचे झाकण तरंगते. रंगीत बाटलीला भाव कमी, स्वच्छ पारदर्शक बाटलीला जास्त. कंपन्यांच्या अहवालांत हिरवी पाने कितीही छापलेली असोत, वेष्टनाची खरी परीक्षा भंगारवाल्याच्या काट्यावर होते. ज्याला तेथे भाव नाही ते परत येणार नाही.

परत न आलेले कोठे गेले, हे मुलुंडकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. पूर्व द्रुतगती महामार्गालगतची कचराभूमी साठीच्या दशकाच्या अखेरीपासून २०१८ पर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे चालली. २४ हेक्टर जागेवर साठलेला कचरा सुमारे ७० लाख टन धरला गेला. तो उपसून चाळण्याचे काम हाती घ्यावे लागले, आणि अशा कामात माती चाळणीखाली गेली तरी वर चिंध्या आणि प्लॅस्टिक उरते. ज्या पाकिटातील वेफर पाच मिनिटांत संपले ते पाकीट पन्नास वर्षांनी पुन्हा उपसावे लागले, आणि त्याचे बिल आपण नागरिकांनी भरले. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या डोंगराला आग लागली तेव्हा तो धूर घाटकोपर-चेंबूरच्या लोकांच्या छातीत गेला. हेही बिलच होते.

आता कायद्याकडे वळू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहर बुडाले त्याची कारणे अनेक होती, गटारांत बसलेल्या पिशव्या हे त्यांतील एक. दुसऱ्या वर्षी राज्यात ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना बंदी झाली. पुढे २३ मार्च २०१८ ची मोठी अधिसूचना आली. हेतू चांगला होता; परंतु कारखान्यातच वेष्टिलेल्या मालाला तीत सवलत होती. परिणाम असा झाला की, भाजी पिशवीत घालून देणाऱ्या बाईला पाच हजारांचा दंड, आणि तिच्या शेजारच्या दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळांना अभय! त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची योजना होती. ती तुमच्या-आमच्या दारी रुजली नाही.

केंद्राचे २०१६ चे नियम अधिक मुळाशी गेले. ज्याच्या नावाने माल विकला जातो त्याने वेष्टन परत गोळा करावे, हे तत्त्व त्यांत स्पष्ट आले. ज्यांचा पुन्हा माल होत नाही अशी अनेक थरांची वेष्टने दोन वर्षांत बंद करावीत, असेही त्यांत होते. दोन वर्षे भरली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्या वाक्यात दुरुस्ती झाली: ज्यापासून ऊर्जा मिळू शकते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग आहे ते चालेल. सिमेंटच्या भट्टीत जाळले तरी ऊर्जा मिळतेच! अशा रीतीने पुडीला जन्मठेपेऐवजी सुटका मिळाली. गुटखा-तंबाखूच्या प्लॅस्टिक पुड्यांवर मात्र बंदीच राहिली. म्हणजे मनात आणले तर सरकारला पुडी थांबविता येते, हे सिद्ध आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी नियम आले. २०२५-२६ पासून टणक प्लॅस्टिकच्या वेष्टनात ३० टक्के, लवचिक फिल्ममध्ये १० टक्के आणि अनेक थरांच्या वेष्टनात ५ टक्के जुने प्लॅस्टिक वितळवून वापरावे, आणि २०२८-२९ पर्यंत हे प्रमाण दुप्पट करावे, अशी पायरी घालून दिली. काम केल्याचे दाखले विकत घेण्याचीही सोय ठेवली. दाखला आला की खोटा दाखलाही आला. न केलेल्या कामाचे दाखले काही कारखान्यांनी दिल्याचे २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत निघाले. कायदा हवा, पण कायद्यावर डोळा ठेवणारे जागे लोकही हवेत.

कारखान्याने काय करावे? पुष्कळ करता येते, आणि काही झालेही आहे. टूथपेस्टची नळी घ्या. ती पूर्वी ॲल्युमिनियमची होती, मग थरांची झाली. कोलगेट कंपनीने, जिची भारतातील मुख्य कचेरी आपल्या पवईला आहे, एकाच जातीच्या प्लॅस्टिकची नळी तयार केली. २०१९ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि तिची कृती इतरांसाठीही खुली ठेवण्यात आली. द्रव साबण घरच्या बाटलीत पुन्हा भरून देणारी यंत्रे मुंबईतल्या दुकानांत बसवून पाहण्यात आली. खोक्यात खोके आणि त्यावर पुन्हा चकचकीत कागद, हा दिखाऊपणा तर उद्याच बंद करता येईल. मात्र प्लॅस्टिक काढून कागद घातला की पुण्य लागले, असे समजू नये. कागदाला झाड आणि पाणी लागते, आणि चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा अस्तर असतो. तोही भंगारवाला घेत नाही.

परंतु आमच्या कामगारांच्या दृष्टीने एक गोष्ट राहते, जी संचालकांच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही. नवे वेष्टन कचेरीत ठरते. ते चालते यंत्रावर, आणि यंत्राशी माणूस उभा असतो. उपनगरातल्या एका कारखान्यातील हकिगत सांगतो. नावाचे प्रयोजन नाही. तेथे थरांची फिल्म काढून एकाच जातीची फिल्म आणावयाचे ठरले. निर्णय योग्यच. पण जुन्या फिल्मचा बाहेरचा थर उष्णता सोसणारा होता. नवीन फिल्मचे आतले-बाहेरचे थर एकाच जातीचे, त्यामुळे सील करणारा जबडा जरा जास्त तापला की बाहेरची बाजूही वितळे, जरा कमी तापला की पुडी गळे. यंत्र हळू चालवावे लागले. उत्पादनाचे ठरलेले मान मात्र जुनेच राहिले. उत्पादनभत्ता घसरला, गळक्या पुड्या कामगाराच्या नावावर लिहिल्या जाऊ लागल्या, आणि ठेकेदाराकडच्या ज्या बायका टेबलावर पुड्या मोजून खोक्यांत भरीत त्यांना ‘काम कमी आहे, उद्या येऊ नका’ असे निरोप मिळू लागले. कामगार कुरकुरले तेव्हा व्यवस्थापनाने म्हटले, तुम्ही पर्यावरणाच्या विरुद्ध आहात!

आम्ही संघटनेतर्फे चार मागण्या ठेवल्या. चाचणीच्या काळात सरासरी भत्ता कायम राहावा. चाचणीतील खराबा कोणाच्या नावावर लिहू नये. उत्पादनाचे नवे मान चाचणी संपल्यावर दोघांनी बसून ठरवावे. आणि चाचणीच्या समितीत एक फिटर व पॅकिंगच्या टेबलावरची एक बाई असावी. शेवटच्या मागणीला ते हसले. पण त्याच बाईने दाखवून दिले की, फिल्मचे रोल पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडतात आणि तसेच यंत्रावर चढतात. ते आदल्या रात्री यंत्राच्या खोलीत आणून ठेवले तर सकाळी सील सरळ बसते. तसे केले. जबड्याच्या उष्णतेवर फिटरने लक्ष ठेवले. काही महिन्यांत यंत्राचा वेग पुष्कळसा पूर्वपदावर आला आणि नवी फिल्म टिकली. कामगाराचा भत्ता कापून आणलेली सुधारणा कामगार पहिल्या संधीला हाणून पाडतो. त्याला बरोबर घेऊन आणलेली सुधारणा तोच सांभाळतो.

कारखान्याच्या आतली ही गोष्ट झाली. बाहेरचा कामगार आणखी दुर्बळ आहे. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांना कामगार म्हणण्यासच समाज तयार नव्हता. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि वेचणाऱ्या बायका ओळखपत्र घेऊन घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकासाच्या कामातून अशा बायकांचे गट बांधले. या बायका काय उचलतात? ज्याला भाव आहे ते. ज्याला भाव नाही ते उचलण्याची सक्ती त्यांच्यावर कोणत्या न्यायाने करणार? मग मार्ग एकच. शांपूच्या पुडीला भंगारात भाव नसेल, तर पुडी बनविणाऱ्याने ती उचलण्याची मजुरी किलोमागे ठरवून द्यावी, आणि ती दाखल्यांच्या दलालाच्या हाती न देता वेचणाऱ्यांच्या संघटनेच्या हाती द्यावी. असे झाले की चमत्कार पाहा: कंपनीच्या वहीत तो खर्च पुन्हा दिसू लागेल, आणि पुडी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची करणे तिला आपोआप परवडू लागेल.

हे स्वप्नरंजन आहे, असे कोणी म्हणेल. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरावयाच्या पेयाच्या बाटलीवर आणि डब्यावर अनामत आहे. आज ती २५ सेंट आहे, आणि बाटल्या परत येतात. तो देश श्रीमंत, म्हणून सोडून देऊ. पण आपल्याच तामिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे दहा रुपये जादा घेतले जातात आणि रिकामी बाटली आणून दिली की परत मिळतात. दारू प्यालेल्या माणसालाही बाटली परत करण्याची शुद्ध राहते, तर दूध पिणाऱ्यांना का राहू नये?

आपण नागरिकांनी काय करावे, हे सांगून संपवितो. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा टाकू नका. तेवढा तुकडा कोणाच्या हाती लागत नाही. सुका कचरा कोरडा आणि वेगळा द्या. खरकट्याने माखलेल्या प्लॅस्टिकचा भाव आणि वेचणाऱ्या बाईचे आरोग्य, दोन्ही बिघडतात. आपल्या गृहनिर्माण संस्थेत कचरा घेण्यास येणाऱ्या बाईला नावाने हाक मारा आणि तिची मजुरी वेळेवर द्या. दुधाच्या पिशवीच्या ५० पैशांचे काय झाले, हा प्रश्न आपल्या आमदाराला विचारा. निवडणुकीपूर्वी विचारलात तर उत्तर लवकर मिळते. आणि आपल्यापैकी जे कंपन्यांच्या कचेऱ्यांत अधिकारी आहेत, या उपनगरांत ते पुष्कळ आहेत, त्यांना एक विनंती. नवे वेष्टन मंजूर करण्याआधी त्याचा नमुना खिशात घालून एकदा भंगारवाल्याकडे जावे आणि एकदा यंत्राशी उभ्या असलेल्या कामगाराकडे जावे. या दोन ठिकाणी जे कळेल ते कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते.